गणवेशाआधीचे एकशे साठ तास

पोलिस भरतीची अंतिम यादी लागली की प्रत्येक तालुक्यात काही मुलांचं वय त्याच दिवशी संपतं. दोन-तीन वर्षं पहाटे उठून ग्राउंड केलेलं असतं, गोळा फेकून खांदा दुखावलेला असतो, आणि निवड एकदोन गुणांनी हुकलेली असते. यांतले कितीतरी जण मग चाकण, रांजणगाव, तळोजा नाहीतर थेट मुंबई गाठतात आणि एखाद्या सिक्युरिटी एजन्सीच्या कचेरीत जाऊन बसतात. आधार कार्ड, दोन फोटो, पासबुकाची झेरॉक्स. दुपारी मापाचा-बिनमापाचा शर्ट मिळतो आणि रात्री आठ वाजता पोरगा ‘साइट’वर उभा असतो. हातात शिट्टी, समोर नोंदवही. आग लागली तर काय करायचं, चोर सापडला तर त्याला किती वेळ धरून ठेवायचं, कुणी चक्कर येऊन पडलं तर आधी काय बघायचं, हे त्याला कुणीही सांगितलेलं नसतं.

कायद्याला हे मान्य नाही. खासगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम, २००५ च्या कलम १० नुसार, ठरवून दिलेलं प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय कुणालाही खासगी सुरक्षा रक्षक म्हणून कामावर ठेवता येत नाही. केंद्राच्या नमुना नियमांनी ते किती हवं तेही सांगितलं आहे: वर्गात किमान १०० तास, प्रत्यक्ष मैदानावर किंवा कामाच्या जागी किमान ६० तास, आणि हे सगळं कमीत कमी २० कामाच्या दिवसांत मिळून. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना सवलत आहे. त्यांच्यासाठी ४० आणि १६ तास, किमान ७ दिवसांत. म्हणजे ज्यानं सीमेवर बंदूक धरली, त्यालाही कायदा आठवडाभर वर्गात बसवतो. आणि खेड्यातून काल आलेल्या मुलाला आपण एका संध्याकाळात गेटवर उभं करतो.

शारीरिक पात्रतेचं भय या मुलांनी बाळगू नये. पुरुषांना उंची १६० सेंटिमीटर, महिलांना १५०. पुरुषांची छाती ८० सेंटिमीटर आणि फुगवून ४ सेंटिमीटर जास्त. सहा मिनिटांत एक किलोमीटर धावता आलं पाहिजे. पोलिस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव केलेल्याला हे अंतर काहीच नाही, आणि तिथे १६५ सेंटिमीटरच्या अटीत जो बाद झाला, तो इथे बसू शकतो. दृष्टी चष्म्यासह चांगली असली तरी चालते. रंगांधळेपण मात्र चालत नाही. ही अट अनेकांना उगाचची वाटते, पण मॉलच्या किंवा मेट्रो स्टेशनच्या दारातलं सामान तपासणारं एक्स-रे यंत्र आठवावं. त्याच्या पडद्यावर कापड, कागद, अन्न असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात, धातू निळा आणि मधल्या घनतेच्या वस्तू हिरव्या. ज्याला हे रंग वेगळे दिसत नाहीत, त्याच्यासमोरून बॅगेतलं काय निघून जाईल याचा भरवसा नाही.

तयारी खरी लागते ती दुसरीकडे, आणि तिथेच ती सगळ्यात कमी होते. अभ्यासक्रमात कायद्याची तोंडओळख आहे: स्वसंरक्षणाचा हक्क, पोलिस ठाण्यात फिर्याद कशी नोंदवायची, शस्त्र कायद्यातली कामाची कलमं. गणवेश चढला की अधिकारही आले, असं नव्या रक्षकाला वाटतं. तसं काही होत नाही. त्याच्याकडे सामान्य नागरिकाला असतात तेवढेच अधिकार असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे, डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला किंवा न्यायालयानं फरार घोषित केलेल्या इसमाला कुणीही पकडू शकतो, पण त्याला विनाकारण वेळ न घालवता, फार तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. नुसत्या संशयावरून कुणाला केबिनमध्ये कोंडलं, मोबाईल हिसकावून घेतला, चार थपडा मारल्या, तर गुन्हा रक्षकावर दाखल होतो. ‘मारा त्याला’ म्हणणारा सोसायटीचा पदाधिकारी अशा वेळी ठाण्यात सोबत येईलच असं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाची कलमं आता ९६ ते १०६ नाहीत, ३४ ते ४४ आहेत. बाजारातली जुनी गाइडं घेऊन बसलेल्यांनी एवढी दुरुस्ती आधी करून घ्यावी.

मराठी माध्यमातली मुलं आणखी एका गोष्टीला बिचकतात, ती म्हणजे इंग्रजी. नियमात इंग्रजीतून बोलण्याची अट नाही. ओळखपत्र, पासपोर्ट, शस्त्र परवाना, तपासणीचा तक्ता यांवर येणारी इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचून समजले पाहिजेत, इतकंच. रोज अर्धा तास गाड्यांचे नंबर, नावं आणि तारखा वाचून लिहून काढल्या तर हे महिन्याभरात जमतं.

आता आगीबद्दल, कारण त्या १६० तासांचं मोल सर्वांत स्पष्ट तिथे कळतं. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्र उलटताच मुंबईत कमला मिल आवारात लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. त्याच रात्री तिथल्या एका सुरक्षा पर्यवेक्षकानं धुरात अडकलेल्या अनेकांना वाट काढून देऊन बाहेर आणलं. आता कोलकात्याकडे पाहू. ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे ढाकुरियाच्या आमरी रुग्णालयाच्या तळघरात आग लागली आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली, बहुतेक गुदमरून. धूर पाहून शेजारच्या वस्तीतली तरुण मुलं मदतीला धावली होती, पण रखवालदारांनी आपल्याला सुरुवातीला आत सोडलं नाही, असं त्यांनीच नंतर पत्रकारांना सांगितलं. या रखवालदारांना दोष देऊन भागणार नाही. ‘बाहेरच्याला आत सोडायचं नाही’ एवढंच ज्याला शिकवलं, तो संकटातही तेच करणार. आग दिसताच अग्निशमन दलाला फोन, लिफ्ट बंद, जिना मोकळा, विजेच्या आगीवर पाणी नाही, गेट सताड उघडं: हे सरावानं अंगात मुरावं लागतं. प्रथमोपचाराचंही तसंच. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायची असते. हे कागदावर वाचून हाताला येत नाही, पुतळ्यावर करून बघावं लागतं. रुग्णवाहिका येईपर्यंत इमारतीत जागा असलेला माणूस बहुतेकदा रक्षकच असतो.

महाराष्ट्राला या कामगारांची दखल घेण्याची परंपरा आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी राज्यानं वेगळा कायदा केला, त्यातून सुरक्षा रक्षक मंडळं उभी राहिली आणि नोंदणी झालेल्या रक्षकाचा पगार, भविष्य निर्वाह निधी मंडळामार्फत मिळू लागला. पुढे २०१० च्या कायद्यानं राज्य सुरक्षा महामंडळ आलं. एजन्सीच्या दारात बसण्याआधी या दोन्ही दारांची चौकशी प्रत्येकानं करावी.

एजन्सीकडेच जायचं असेल तर पहिला प्रश्न परवान्याचा विचारावा. परवाना पाच वर्षांचा असतो आणि त्याची मुदत त्यावर लिहिलेली असते. बिनपरवाना एजन्सी चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा २५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसरा प्रश्न प्रशिक्षणाचा. आपल्या रक्षकांना प्रशिक्षण मिळेल हे पाहण्याची जबाबदारी कलम ९ नं एजन्सीवर टाकली आहे. तेव्हा ‘ट्रेनिंग फी’ म्हणून गरजू मुलाकडून पैसे घ्यायचे आणि दोन दिवसांत प्रमाणपत्र हातात ठेवायचं, ही सरळ लूट आहे. त्या कागदानं मुलगा पात्र ठरत नाही आणि इमारतही सुरक्षित होत नाही. २० दिवस पुरे करावेत, प्रमाणपत्राची मूळ प्रत स्वतःकडे ठेवावी, एजन्सीला झेरॉक्स द्यावी. एजन्सी बदलली तर तेच उपयोगी पडतं.

यात गिऱ्हाइकाचा वाटा मोठा आहे. सोसायट्या आणि कंपन्या सर्वांत कमी दराची निविदा उचलतात, आणि त्या दरात पहिली कात्री प्रशिक्षणाला लागते. मग बारा तासांची पाळी येते, रिलीव्हर आला नाही तर डबल ड्युटी येते. नियमाप्रमाणे एका सुपरवायझरमागे १५ पेक्षा जास्त रक्षक नसावेत, पण तो सुपरवायझर महिनोन्‌महिने फिरकत नाही आणि त्याची विचारपूसही होत नाही. कलम ९ आणि १० मोडणाऱ्या एजन्सीला दंडाबरोबर परवाना निलंबित किंवा रद्द होण्याचीही शिक्षा आहे. तक्रारच झाली नाही तर ही तरतूद पुस्तकातच राहते.

हे वाचणाऱ्यांत सोसायट्यांचे अध्यक्ष असतील, सचिव असतील. सुरक्षेच्या कराराचं नूतनीकरण पुढच्या वेळी सभेपुढे येईल, तेव्हा दराच्या तक्त्याबरोबर प्रत्येक रक्षकाचं प्रशिक्षण प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणी आणि छायाचित्र असलेलं ओळखपत्र मागवा. ते मिळेपर्यंत सही करू नका.