रियाधला नकार, डॉलरला होकार

1959 साली रिझर्व्ह बँकेने भारतात न चालणारा रुपया काढला. नाशिकरोडला छापलेल्या या वेगळ्या रंगाच्या नोटा कुवेत, बहारीन, कतार, दुबई, ओमानच्या बाजारांसाठी होत्या. तिकडे आपला रुपया पूर्वीपासूनच चालत असे. पण मुंबईच्या किनाऱ्यावर चोरून उतरणाऱ्या सोन्याचे पैसे रुपयांतच चुकते होत, आणि तेच रुपये परत येऊन भारताची परकी गंगाजळी आटवत. म्हणून हा ‘आखाती रुपया’.

6 जून 1966 रोजी दिल्लीने अवमूल्यन केले. 4.76 रुपयांचा डॉलर 7.50 रुपयांना झाला. आखाती रुपया भारतीय रुपयालाच बांधलेला, त्यामुळे दोह्यातल्या व्यापाऱ्याच्या तिजोरीतली रोकडही घसरली. भारतातल्या दुष्काळाशी, तुटीशी किंवा परदेशी मदतीच्या दडपणाशी त्या व्यापाऱ्याचा काडीचा संबंध नव्हता. कुवेत आणि बहारीनने आधीच स्वतःचे दिनार आणले होते. कतार, दुबई आणि अबुधाबीने त्याच वर्षी रुपया सोडला. ओमानने 1970 मध्ये.

परक्या चलनाचा हा अनुभव गाठीशी असताना पुढे 2001 मध्ये आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांनी 2010 पर्यंत सामायिक चलन आणायचे ठरवले. भाषा एक, मदार तेलावर. युरोपला असे जुळलेले सोयरे कधीच मिळाले नव्हते. तरीही ओमानने 2006 मध्ये अंग काढून घेतले आणि मे 2009 मध्ये, नव्या मध्यवर्ती बँकेचे ठाणे सौदीच्या राजधानीत, रियाधला ठरताच, संयुक्त अरब अमिरातीही बाहेर पडली. बेत तेव्हापासून रखडलेलाच आहे.

शेखांचे मानापमान म्हणून याला हसणे सोपे आहे. पण अमिरातीचे चुकले नाही. संकटात रोकड कोणाला द्यायची आणि कोणाची रोखायची, हे अशी बँक ठरवते. 2015 च्या उन्हाळ्यात युरोपीय मध्यवर्ती बँकेने तातडीच्या कर्जाची मर्यादा वाढवायला नकार दिला, तेव्हा ग्रीसमधल्या बँका तीन आठवडे बंद राहिल्या आणि लोक एटीएममधून दिवसाला 60 युरो काढण्यासाठी रांगा लावून उभे होते. आखातात तर 2017 मध्ये सौदी, अमिरात आणि बहारीनने कतारची नाकेबंदी केली. ती साडेतीन वर्षे टिकली. कतारच्या बँकांची रोकड तेव्हा रियाधहून येत असती तर?

शिवाय त्याग करावा एवढा लाभही समोर नव्हता. या देशांचे तेल आणि वायू जातात जपान, चीन, भारताकडे. आपापसातला व्यापार त्यामानाने किरकोळ. हुंडणावळ वाचून वाचणार किती?

गंमत अशी, की सौदीचा रियाल डॉलरला 3.75 आणि अमिरातीचा दिरहम 3.6725 या दराने कित्येक वर्षे जखडलेला आहे. शेजाऱ्याच्या हाती जो अधिकार द्यायचा नव्हता, तो वॉशिंग्टनच्या हाती आहेच, आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या मंडळात यांना मतही नाही. याची किंमत 2008 मध्ये दिसली. अमेरिका मंदीच्या भीतीने व्याजदर उतरवत होती, तेव्हा दोहा-दुबईत तेलाच्या पैशाचा पूर होता आणि महागाई दोन आकड्यांत गेली होती. दर वाढवायला हवे होते. डॉलरशी गाठ असल्याने ते वाढवता आले नाहीत. महागड्या आयातीला कंटाळून कुवेतने मे 2007 मध्येच डॉलरची गाठ सोडली आणि आपला दिनार अनेक चलनांच्या टोपलीशी जोडला. बाकीचे पाच देश अजून डॉलरपाशीच आहेत.