सोयरसुतक

30 सप्टेंबर जवळ आला की आमच्या पिढीच्या माणसांत एक प्रश्न हटकून निघतो. किल्लारीचा भूकंप झाला त्या रात्री तुम्ही कुठे होतात? मग जो तो सांगू लागतो. कोणी विसर्जन आटोपून नुकतंच अंग टाकलेलं असतं, कोणाच्या फडताळातली भांडी वाजलेली असतात, कोणी नाइट शिफ्टला असतो. 1993 सालच्या त्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावं जमीनदोस्त झाली. हजारो माणसं झोपेतच गेली. आणि आपण सांगत असतो आपल्या फडताळातल्या भांड्यांचं.

हे बरोबर नाही, असं म्हणणारी शहाणी माणसं मला अलीकडे बरीच भेटतात. त्यांचे आक्षेप तीन. अशा आठवणी विश्वासार्ह नसतात. दुसऱ्याच्या मरणात स्वतःला मधे आणून बसवणं हा अहंकार आहे. आणि आकडे, अहवाल, नकाशे असताना या गप्पांचा कोणाला काही उपयोग नाही. हे आक्षेप उडवून लावण्यासारखे नाहीत, म्हणूनच त्यांना उत्तर दिलं पाहिजे.

पहिला आक्षेप सर्वांत भक्कम. उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने 28 जानेवारी 1986 रोजी ‘चॅलेंजर’ यान कोसळलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी आपल्या विद्यार्थ्यांकडून, बातमी कळली तेव्हा आपण कुठे होतो, हे लिहून घेतलं. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना तोच प्रश्न पुन्हा विचारला. अनेकांची उत्तरं पार बदललेली होती आणि सांगताना आवाजात खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला तरी काहींना तो पटेना. 

यावर मी वाद घालत नाही, कारण असा एक कागद माझ्याकडेही आहे. कित्येक वर्षं मी सांगत आले की त्या पहाटे पुण्यात, लक्ष्मी रोडवरच्या नातेवाइकांच्या वाड्यात, गॅलरीचा कठडा माझ्या हाताखाली थरथरला. पाच-सहा वर्षांपूर्वी बार्शीच्या आत्याच्या ट्रंकेत मी तिला 1 ऑक्टोबर 1993 ला लिहिलेलं अंतर्देशीय पत्र सापडलं. त्यात स्वच्छ लिहिलं आहे : ‘रात्रभर मिरवणूक पाहिली. जमीन हलल्याचं आम्हाला काहीच कळलं नाही. सकाळी दहाला उठले तेव्हा खालच्या काकूंनी सांगितलं.’ कठडा थरथरला नव्हता. नंतर ऐकलेल्या दुसऱ्यांच्या आठवणींतून तो थरथराट माझ्या हातात आला असणार.

तर आठवण चुकते, हे मान्य. पण चुकते म्हणून टाकून द्यायची का? याच नायसरांची एक गोष्ट आक्षेप घेणारे आवडीने सांगतात. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो, असं त्यांना लहानपणापासून आठवत होतं. मग एके दिवशी लक्षात आलं की 7 डिसेंबरला बेसबॉल खेळतच नाहीत. गोष्ट बहुधा इथेच थांबवली जाते. पुढचा भाग असा की 1986 साली दोन अभ्यासकांनी दाखवून दिलं, त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये सामना खरोखरच चालू होता. तो फुटबॉलचा होता, पण संघांची नावं जायंट्स आणि डॉजर्स, म्हणजे त्या काळच्या बेसबॉल संघांचीच. मुलगा रेडिओपाशी होता आणि सामना चालू होता, एवढा गाभा बहुधा शाबूत होता. खेळ तेवढा बदलला. साक्षीदार तपशिलात चुकला तर आपण साक्ष इतर पुराव्याशी ताडून पाहतो, त्याला कोर्टाबाहेर काढत नाही. माझी आठवणही ताडून पाहिल्यावर अधिक खरी झाली. थरथरणाऱ्या कठड्यात थोडा मोठेपणा होता. खरी गोष्ट ही की तिकडे माळवदं कोसळली त्या घटकेला तीनशे किलोमीटरवर मी ढोल ऐकत होते आणि मला काहीही कळलं नाही. हे सांगणं जड जातं, पण सांगण्याजोगं तेच आहे.

दुसरा आक्षेप अहंकाराचा. तो घेणाऱ्यांना मी विचारते, तुम्ही कधी कोणाच्या घरी भेटायला गेला नाहीत का? आपल्याकडे कोणी गेलं की माणूस भेटायला जातो, उंबऱ्याशी चप्पल काढतो, खाली मान घालून बसतो. मग पहिलं वाक्य बहुतेक हेच येतं, ‘मी शेतावर होतो, तिथेच निरोप आला.’ किंवा ‘गाडीत बसलो होतो, फोन आला आणि तसाच उतरलो.’ त्या घरातल्या कोणालाही हा अहंकार वाटत नाही. उलट घरची बाईच विचारते, ‘तुम्हाला कधी कळलं?’ बातमी कुठे गाठली हे सांगणं म्हणजे, तुमचं दुःख माझ्या दिवसात शिरलं आणि त्याने माझं चालतं काम थांबवलं, असं सांगणं. नात्यातल्या मरणाचं सुतक आपल्याला आपोआप लागतं. परक्याच्या मरणाचं लागावं, तर ते असंच सांगून-ऐकून स्वतःला लावून घ्यावं लागतं. ज्याला कशाचं सोयरसुतक नाही, त्याला आपण कुठे होतो हे आठवत नाही.

ही केवळ माझी भावना नव्हे. अशा लख्ख आठवणींवरचा पहिला गाजलेला अभ्यास रॉजर ब्राऊन आणि जेम्स कुलिक यांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी 40 गोऱ्या आणि 40 कृष्णवर्णीय अमेरिकनांना विचारलं. केनेडींची हत्या जवळपास सगळ्यांना लख्ख आठवत होती. पण मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी कळली तेव्हा आपण कुठे होतो, हे सांगू शकणाऱ्यांत कृष्णवर्णीय गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघाले. देश एक, बातमी एक, पण सुतक सगळ्यांना सारखं लागलं नव्हतं.

आता हा आरसा आपल्याकडे फिरवा. 6 डिसेंबर 1956 ला दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण झालं आणि दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. त्या दिवशी आपले आजी-आजोबा कुठे होते, हे किती घरांत सांगता येतं? काही घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं : कोण कोणत्या गाडीने मुंबईला निघालं, कोणाच्या घरी चूल पेटली नाही. माझ्या घरात कोणालाच सांगता येत नाही. आमच्याकडे 30 जानेवारी 1948 ची संध्याकाळ मिनिटामिनिटाने सांगितली जाते आणि 6 डिसेंबर कोरा आहे. कुठे होतात हा प्रश्न बंद केला, तर हा कोरेपणा दिसणारसुद्धा नाही. राष्ट्र कोणाचं सुतक पाळतं आणि कोणाचं पाळत नाही, हे मोजायला याहून साधं माप मला माहीत नाही. म्हणून हा प्रश्न अहंकाराचा आहे, हे मला मान्य नाही. तो विचारणाऱ्यालाही उघडं पाडतो.

तिसरा आक्षेप उपयोगाचा. अहवाल पाहिजेतच, पण अहवालात काय असतं आणि काय नसतं तेही पाहू. किल्लारीच्या मृतांचा आकडा आजही एक छापला जात नाही. कुठे आठ हजारांच्या आत मिळतो, तर कुठे दहा हजारांच्या घरात. यंत्राने वेळ नोंदवली, 3 वाजून 56 मिनिटं. पण आदली रात्र अनंत चतुर्दशीची होती, गणपती बोळवून माणसं दमून घरात निजली होती, हे कोणत्या यंत्राने नोंदवलं? ते माणसांनीच सांगितलं. सरकारी नकाशात हा भाग भूकंपाचा धोका सर्वांत कमी असलेल्या पहिल्या झोनमध्ये होता. त्याच परिसरात 1992 च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत धक्के बसत होते आणि लोक धास्तावले होते. नकाशा निर्धास्त होता आणि माणसांना भीती आठवत होती. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचा भार घेतलेलं माळवद, हे उन्हाळ्यात गार ठेवणारं घर त्या रात्री अंगावर आलं. नकाशा बदलला तो नंतर.

आणखी एक उपयोग आहे. हाच प्रश्न सत्तेतल्या माणसाला विचारला की तो हिशेबाचा प्रश्न होतो. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी सांगितलं आहे की विसर्जनामुळे ते मुंबईत जागे होते, खिडक्यांची तावदानं वाजली तशी त्यांनी कोयनेला फोन लावून केंद्र कुठे आहे ते विचारलं आणि सकाळी ते किल्लारीत होते. पुढचं बरंवाईट मोजायला नागरिकाला सुरुवात इथूनच करावी लागते. जबाबदार माणूस त्या घटकेला कुठे होता, हे विचारणं निरुपयोगी मानलं तर चौकशी कशाची करायची?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. आठवण सांगावी, पण सुतक पाळावं तशी नेमाने. ती लगेच, तारखेनिशी लिहून ठेवावी, म्हणजे पुढे आपला आपल्यालाच जाब देता येईल. तिच्यात अंतर खरं असावं. तीनशे किलोमीटरवर होतो तर तीनशेच सांगावं, आणि जिथे काहीच आठवत नाही तिथे तेही सांगावं. आणि ती जागेपाशी थांबू नये. कुठे होतात याच्या पाठोपाठ, मग काय केलंत, हे आलंच पाहिजे. त्या दिवसांत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसं ढिगारे उपसायला गेली, शांतिलाल मुथ्था यांनी बाराशेच्या आसपास मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणलं. मी काय केलं? जुन्या साड्यांचं एक गाठोडं मदतकेंद्रात दिलं आणि कॉलेजला गेले. माझ्या आठवणीचं दुसरं वाक्य हे आहे. ते पहिल्याला जोडून सांगितलं नाही, तर पहिलं सांगायचा मला अधिकार नाही.

आत्याच्या ट्रंकेतलं ते पत्र आता माझ्याकडे आहे. मिरवणुकीचं, काकूंचं वगैरे सगळं मी नंतर लिहिलं आहे. बार्शीचा फोन दिवसभर लागत नव्हता म्हणून ते पत्र. त्याच्या अगदी वर, ‘सौ. आत्यास सा. न.’ याच्या खाली, एकोणीस वर्षांच्या माझ्या घाईच्या अक्षरात पहिलं वाक्य आहे : ‘काल पहाटे तुम्ही सगळे कुठे होता? घरात का अंगणात? ताबडतोब कळव.’