अपडेट मागे घ्यायचं? घ्या, पण तारीख ठरवून!

सोमवारी सकाळी ऑफिस उघडतं. ब्राऊझर आपोआप अपडेट झालेला असतो आणि बिलिंगचं दहा वर्षं जुनं सॉफ्टवेअर त्यात चालतच नाही. बाहेर लोकांची रांग. साहेब म्हणतात, ‘अरे, ते जुनंच परत टाक ना!’ आणि हे सांगतात कुणाला? तुम्हाला. कारण ऑफिसात ‘कॉम्प्युटरमधलं कळणारं’ नवं पोरगं तुम्हीच असता.

साहेबांचं अगदीच चुकतं असं नाही. खुद्द ब्राऊझर बनवणाऱ्यांनीही माघार घेतली आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये गुगलने क्रोममध्ये कुकीजचे नियम कडक करायला घेतले. एका साइटवरून दुसऱ्या साइटमार्फत लॉगिन करणाऱ्या जुन्या यंत्रणा त्याने अडकण्याची शक्यता होती. तेवढ्यात कोरोना आला. बँका, सरकारी सेवा, आरोग्यसेवा यांच्या साइट्स अशा वेळी बंद पडू नयेत म्हणून एप्रिलमध्ये गुगलने तो बदल मागे घेतला आणि जुलैमध्ये पुन्हा लागू केला. फायरफॉक्सचंही तेच. मार्च 2020 मध्ये त्यांनी जुनी, कमकुवत सुरक्षा पद्धत बंद केली. पण कोरोनाची माहिती देणाऱ्या काही सरकारी साइट्स त्याच पद्धतीवर चालत होत्या. फायरफॉक्सने ती परत सुरू केली आणि जूनअखेरीस पुन्हा बंद केली.

इथे एक गोष्ट नीट बघा. दोघेही मागे गेले, पण काही महिन्यांपुरतेच. आपल्या ऑफिसांत नेमकं हेच होत नाही. जुनं व्हर्जन टाकलं, काम सुरू झालं, विषय संपला. ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’

हात लावायचा, कारण धोका रोज वाढतो. अपडेटमध्ये नुसती नवी बटणं नसतात, सापडलेली भोकं बुजवलेली असतात. दुरुस्ती बाहेर आली की भोक कुठे होतं, हे चोरालाही कळतं. जुन्या ब्राऊझरवर बसलेला माणूस म्हणजे कुलूप मोडकं आहे हे गावभर झाल्यावरही तेच कुलूप लावून झोपणारा.

आणि मुदत माहीत असूनही ढिलाई झाली की काय होतं? अडोबीने फ्लॅश 2020 अखेर बंद होणार, हे 2017 मध्येच सांगितलं होतं. तरी दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याचे काही फॉर्म फ्लॅशवरच राहिले. जानेवारी 2021 मध्ये या खात्याला फ्लॅश चालवण्यासाठी चक्क स्वतःचा वेगळा ब्राऊझर काढावा लागला, तोही फक्त विंडोजवर चालणारा!

हसू नका. ‘ही साइट इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडा’ ही सूचना आपल्याकडच्या सरकारी पोर्टल्सवरही वर्षानुवर्षं होती. मायक्रोसॉफ्टने जून 2022 मध्ये एक्सप्लोरर निवृत्त केला. एज ब्राऊझरमध्ये त्याचा ‘आयई मोड’ ठेवलाय, पण त्याचीही हमी किमान 2029 पर्यंतचीच.

मग सोमवारी साहेबांना काय सांगाल? आधी आयई मोड चालतो का ते बघू. नाहीच चाललं तर बॅकअप घेऊन एकाच मशीनवर जुनं व्हर्जन ठेवू, त्यावर फक्त तेच सॉफ्टवेअर उघडू. ईमेल, बँकिंग बाकीच्या अपडेटेड मशीनवर. आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडून दुरुस्तीची तारीख लेखी घेऊ.

ती तारीख सगळ्यात महत्त्वाची. नवं सॉफ्टवेअर घ्यायचा निर्णय आणि पैसा साहेबांच्या हातात असतो. पण उद्या डेटा चोरीला गेला तर पहिला प्रश्न येतो, ‘जुनं व्हर्जन टाकलं कुणी?’ तेव्हा बोट तुमच्याकडे वळू नये, यासाठी सोमवारीच दोन ओळींचा ईमेल टाकून ठेवा.