‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणणाऱ्या मित्रांना



आपल्यातला एखादा पोरगा बैठकीला येईनासा होतो. रात्र रात्र जागतो. म्हणतो, लोक माझ्याबद्दल कुजबुजतात, कुणी नसताना आवाज येतो, चहात कायतरी घातलंय. आधी आपण त्याची चेष्टा करतो. मग म्हणतो, ‘डोक्यावर परिणाम झालाय’. महिन्याभरात त्याचं नाव वर्गणीच्या वहीतून जातं. घरचे देवऋषी गाठतात, नायतर खोलीला बाहेरून कडी घालतात. आणि आपण व्यवस्थेवर भाषणं ठोकत राहतो. ही कसली चळवळ?

‘मनाचे आजार म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले’, असं आपल्यातलेच शहाणे बोलतात. साफ खोटं! रत्नागिरीचं मनोरुग्णालय 1886 सालचं. खाटा 365. त्याच्या दाराशी तासभर उभे राहा. पोराचा हात धरून पहाटेच्या एसटीनं आलेली आई बघा. ती चोचले करायला आलेली नाय.

या आजाराला डॉक्टर सायकोसिस म्हणतात. खरं काय आणि भास काय, यामधली रेघ पुसली जाते. ही करणी नव्हे, भूत नव्हे, मनाचा दुबळेपणा तर नव्हेच. काहींना आईबापाकडूनच याचा धोका जास्त येतो. गांजानं तो वाढतो. पण रक्त एकट्यानं हे काम करत नाही.

2001 साली हॉलंडमधल्या संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. लोकांच्या मनगटावर घड्याळ बांधलं. सहा दिवस, रोज दहा वेळा ते वाजायचं. वाजलं की लिहायचं : आत्ता काय चाललंय, मनाला कसं वाटतंय. मोठी संकटं नाही, रोजची बारीकसारीक कटकट. ज्यांना हा आजार होऊन गेला, त्यांचं मन तेवढ्याच कटकटीनं इतरांपेक्षा जास्त ढासळत होतं. त्यांच्या आजारी नसलेल्या सख्ख्या नातेवाइकांचंही थोडंफार तसंच.

आता आपला दिवस मोजा. आपलं घड्याळ किती वेळा वाजेल? कोकणात जात थेट विचारत नाहीत. विचारतात, ‘गाव कुठला? वाडी कुठली?’ बौद्धवाडी म्हटलं की समोरचा गप्प होतो. भाड्याची खोली ‘कालच गेली’ म्हणतात. स्कॉलरशिपच्या खिडकीपाशी मागून कुणीतरी ‘सरकारचे जावई’ म्हणतं. यातली एकही गोष्ट पोलीस ठाण्यात नोंदवण्याएवढी मोठी नसते. म्हणूनच ती रोज करता येते.

हे आजचं नाही. खोताच्या दारात वेठ करून पिचलेला माणूस रत्नागिरी जिल्हा सोडून मुंबईच्या गिरणीत गेला. तिथं विणकाम खात्यात त्याला मज्जाव. का? तर धागा तोंडानं ओढावा लागतो, महाराची थुंकी लागेल! बाबासाहेबांनी 1928 च्या संपात हा प्रश्न उभा केला, 1937 साली खोतीविरुद्ध विधेयक आणलं. जखम पगाराची होती तशी मनाचीही होती.

आणि नीट ऐका. आमच्या पोराला ‘लोक माझ्याविषयी बोलतात’ असं वाटतं, तेव्हा पुष्कळदा लोक खरोखरच बोलत असतात. त्याच्यासाठी अनुभव आणि संशय यांतली रेघ समाजानं आधीच पुसट करून ठेवलीय. ज्याचं मन मुळात हळवं, त्याची ती रेघ कायमची पुसायला कितीसा वेळ?

ब्रिटनकडे बघा. लंडन, नॉटिंगहॅम, ब्रिस्टल इथल्या 2006 साली छापून आलेल्या अभ्यासात कॅरिबियन वंशाच्या काळ्या लोकांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे नऊ पट निघालं. त्यांच्या मूळ बेटांवर ते एवढं नाही. मग काय, बोटीत बसल्यावर रक्त बदललं? बदलला तो शेजार. दक्षिण लंडनमध्ये 2001 साली आणखी एक दिसलं : जिथं आपल्यासारखे लोक कमी, तिथं हा आजार त्यांच्यात जास्त. म्हणजे एकटं पाडणं हेच विष, आणि सोबत हा काही प्रमाणात उतारा.

आता सांगा, त्या पोराचं नाव वहीतून खोडून आपण त्याला काय दिलं?

दोन खड्डे मात्र चुकवा. पहिला, डॉक्टरचा. 1851 साली अमेरिकेतल्या कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं पळून जाणाऱ्या गुलामांना ‘पळण्याचा रोग’ असल्याचं लिहिलं होतं! आपला 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की सामाजिक दर्जावरून, राजकीय मतावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, आणि उपचारात जातीचा भेद चालणार नाही. साखळदंड बांधायलाही बंदी आहे. कायदा पाठ करा. विचारलं नाही तरी डॉक्टरला सांगा, याला रोज काय ऐकावं लागतं.

दुसरा खड्डा आपला. ‘तो आजारी नाय, तो विद्रोही आहे’ ही टाळीची वाक्यं बंद करा. आजार हा आजार आहे. गोळ्या लागतात, आणि जेवढ्या लवकर सुरू होतील तेवढं बरं. देवऋषी मारझोड करून भूत काढत असेल, तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे, तक्रार करा. 14416 हा टेली-मानसचा फुकट फोन चोवीस तास चालतो. नंबर विहाराच्या भिंतीवर लिहा. इस्पितळात सोबत जा. परत आला की बैठकीला बोलवा, काम द्या, टोचून बोलू नका. घरातल्या रागानं आणि हेटाळणीनं आजार उलटतो, हे लंडनला दिसलं आणि चंदीगडलाही.

पटाचारेची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. सगळं घरदार गेलं, भान गेलं, अंगावर वस्त्र उरलं नाही. लोक ‘वेडी, वेडी’ म्हणून हाकलत होते. बुद्धानं तिला जवळ येऊ दिलं. गर्दीतल्या एकानं आपलं वस्त्र तिच्या अंगावर टाकलं. उपदेश नंतर झाला.

जातीविरुद्धची लढाई लांबची आहे. ती लढताना आपल्या माणसाला रस्त्यात टाकून पुढं जाणारे आपण कोण? आधी त्या पोराच्या खोलीची कडी काढा.

जयभीम.