ओसरीवरून : सहा पूर्णांक शून्य

गेल्या जानेवारीत आमच्या घरी कन्येचा निकाल लागला. बी.एस्सी.चे दुसरे वर्ष, तिसरे सत्र. ‘किती?’ असे आम्ही विचारले, ‘सहा’ असे तिने सांगितले, आणि आम्ही वर्तमानपत्रात पुन्हा डोके घातले. सहाला दहाने गुणले की साठ, आणि साठ म्हणजे पहिला वर्ग! आम्ही १९९१ साली पदवीधर झालो तेव्हा साठाला मोठा मान होता. संध्याकाळी येताना आम्ही पाव किलो पेढेही आणले. कन्येने त्यांतला एकही खाल्ला नाही, हे पुढे सौभाग्यवतींनी लक्षात आणून दिले.

पंधरा दिवसांनी, दांडिया बजारातील एका स्नेह्यांनी रस्त्यात गाठून आपुलकीच्या सुरात सांगितले की, कन्या कमाटीबागेत एका मुलाबरोबर बसलेली दिसली. १८७९ सालापासूनची ही बाग. तिच्यात आजवर कोण कोणाबरोबर बसले याचा हिशेब ठेवायचा तर बडोद्यातील निम्मी मराठी घराणी अडचणीत येतील. पण हा विचार आज सुचतो आहे. त्या दिवशी तो सुचला नाही. त्याच रात्री आधारकार्डाची प्रत शोधताना गुणपत्रक हाती लागले, आणि त्यात एका विषयापुढे ‘एफ’ हे अक्षर दिसले. पेढे आम्ही नापासाचे वाटले होते!

बाग आणि एफ यांची सांगड घालायला आम्हांला क्षणही लागला नाही. स्कूटरची किल्ली आमच्या खिशात गेली. ‘आधी अभ्यास, मग बाकीचे’ हे वाक्य, जे आमच्या वडिलांनी आम्हांला ऐकवले होते आणि जे आम्ही कधीही ऐकवणार नव्हतो, ते त्याच आवाजात आमच्या तोंडून बाहेर पडले. कन्या काही बोलली नाही. आठ दिवस ती शहर बसने कॉलेजात गेली.

नवव्या दिवशी आम्ही गुणपत्रक समोर ठेवून, हे गणित तरी समजावून दे, असे तिला म्हटले. आयुष्यभर बँकेत आकडे मोडलेल्या माणसाने मुलीकडून आकडे शिकावेत, यात थोडी तडजोडीची इच्छाही होती. विश्वविद्यालय अनुदान आयोगाने २०१५ च्या सुमारास जी दहा अंकांची पद्धत सुचवली, तिच्यात ‘ओ’ला दहा, ‘ए प्लस’ला नऊ, असे उतरत ‘पी’ला, म्हणजे नुसते उत्तीर्ण होण्याला, चार अंक, ‘एफ’ला शून्य. ज्या विषयाचे श्रेयांक अधिक, त्याचे वजन अधिक. तिचे पाचही विषय चार-चार श्रेयांकांचे. आठ, आठ, सात, सात आणि शून्य. बेरीज तीस, भागिले पाच, सहा पूर्णांक शून्य. चार विषयांत मुलगी चांगली होती, पाचव्यात बुडाली होती, आणि सरासरीने दोन्ही गोष्टी आमच्यापासून झाकल्या. शिवाय सहाला दहाने गुणून टक्के काढणेही सगळीकडे चालत नाही. ते सूत्र ज्या त्या विद्यापीठाचे. आमच्या वयाच्या पालकांनी, मग ते इंदूरचे असोत की बेळगावचे, एवढे तरी शिकून घ्यावे.

पाचवा विषय संभाव्यतेचा. ‘हाच कसा राहिला?’ असे आम्ही विचारले. ती म्हणाली, ‘बाबा, ऑगस्टमध्ये आजीचे डोळे झाले.’

आम्ही गप्प झालो. आमच्या मातोश्रींच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू तीन आठवड्यांच्या अंतराने काढले होते. आम्ही दोघेही नोकरीवर. डॉक्टरांकडे नेणे, दिवसातून अनेक वेळा औषधाचे थेंब घालणे, डोळ्यांना पाणी लागू न देणे, हे सारे कन्येने पाहिले. आल्यागेल्याजवळ आम्ही तिचे तोंड भरून कौतुक केले, आणि तिच्या बुडालेल्या तासांचा विचार एकदाही केला नाही. मूळ प्रकरणच हुकले, पुढचे कळेना, आणि गणिताचे घर म्हणून नावाजलेल्या घरात ते सांगण्याची तिला लाज वाटली. ‘सहा’ हे उत्तर खोटे नव्हते. त्यापुढे आम्ही काही विचारलेच नाही.

‘आणि तो मुलगा?’ हे मात्र सौभाग्यवतींनी विचारले.

‘वर्गातला आहे. मला आवडतो. पुढचे काही ठरलेले नाही. पण बाबा, तो विषय वेगळा आणि हा विषय वेगळा. दोन्हींत मला एकदम नापास करू नका.’

याला वर्तमानपत्रे ‘डेटिंग’ म्हणतात. आमच्या घरात या गोष्टीला अद्याप नाव नाही. आमच्या काळी वही मागायला जात असत, आणि एकच वही तीनदा मागितली की सर्वांना कळत असे. बडोदे संस्थानाने १९०४ साली बालविवाहाविरुद्ध कायदा केला, तेव्हा मुलीच्या लग्नाचे किमान वय बारा धरले होते. आमच्या पणजीचे लग्न त्यानंतरचे. कायद्यामुळे तिला बाराव्या वर्षापर्यंत माहेर मिळाले, असे घरात कौतुकाने सांगतात. कन्या एकोणीस वर्षांची आहे. १९८९ सालापासून अठराव्या वर्षी मताचा अधिकार आहे, तो ती बजावू शकते. बागेतल्या बाकाचा अधिकार मात्र आम्ही आमच्या खिशात ठेवला होता. किल्ली त्याच रात्री परत केली. माफी मागितली काय? शब्दांत नाही. आमच्या पिढीला ते जमत नाही, आणि ते जमत नसल्याचा आम्हांला अभिमान नाही.

सौभाग्यवतींची काळजी वेगळी आहे आणि तिची आम्ही थट्टा करणार नाही. मुलगा गुजराती आहे. चार-पाच पिढ्या या गावात राहून, भाकरीशेजारी ढोकळा खाऊनही, नातवंडे आपल्याला आजी म्हणतील की बा, हा प्रश्न तिला झोपू देत नाही. ‘काही ठरलेले नाही’ या वाक्यावर कन्या निश्चिंत आहे, आणि नेमक्या त्याच वाक्यावर तिची आई जागी असते.

उन्हाळ्यात पुरवणी परीक्षा झाली. एफच्या जागी पी आला. शून्याच्या जागी चार. बेरीज चौतीस, सरासरी सहा पूर्णांक आठ. या वेळी पेढे कन्येने आणले. संभाव्यतेची वही परत न्यायला एका रविवारी तो मुलगा आला, आणि मातोश्रींनी त्याला झोपाळ्याशेजारी बसवून घेऊन अर्धा तास गुजरातीत गप्पा मारल्या. तो चहा पिऊन गेला. त्याचे आडनाव आम्हांला अजून ठाऊक नाही; मातोश्रींनी ते विचारून घेतले आहे. आम्ही दोघांनी दोनदा खडा टाकून पाहिला. ‘तुम्हीच विचारा की त्याला,’ एवढे म्हणून त्या नव्या डोळ्यांनी पुस्तक वाचू लागतात.