डबा, झाकण आणि बाबांचा चेहरा

मी सरकारी कचेरीतला कारकून, त्यात कला शाखेचा पदवीधर. संगणकाशी माझा संबंध टिपण्या टंकण्यापुरता. तरीही आज सिनेमातल्या करामती करणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी लिहितोय, कारण विषय घरचा आहे.

आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी मराठी नाटक होतं. २००४ साली बाबांनी त्यात औरंगजेब केला होता. मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावर चित्रण झालं. एका स्टुडिओवाल्याने मागे ज्वाळा घालून, नावं उडवत सीडी करून दिली. बाबा २०१६ मध्ये गेले. गेल्या वर्षी ती सीडी मी भाच्याला दिली. तो व्हीएफएक्सचं काम करतो. थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, आवाज येता, पूण चित्र दिसना." खोलीत बाबांचा आवाज घुमत होता आणि पडदा काळा!

भाच्याने समजावलं ते असं. फाईलच्या नावाशेवटचं एमओव्ही किंवा एव्हीआय म्हणजे नुसता डबा. आतला जिन्नस कसा दाबून भरलाय ते ठरवतो कोडेक. झाकणावरून ते कळत नाही. सॉफ्टवेअरला डबा ओळखीचा असला तरी जिन्नस ओळखीचा असेलच असं नाही.

हे फक्त आमच्याच नशिबी आलं असंही नाही. ॲपलने २०१६ मध्ये विंडोजवरच्या क्विकटाइमचा पाठिंबा थांबवला. २०१८ मध्ये ॲडोबीने आपल्या सॉफ्टवेअरमधून क्विकटाइम ७ च्या काळातले जुने कोडेक काढून टाकले. कारणं रास्त होती, सुरक्षिततेचीही होती. पण एका कंपनीच्या किल्लीवर आपण किती वर्षांचं गाठोडं ठेवतो, हा प्रश्न उरतोच. कचेरीत मी हे पाहिलंय. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेली पत्रं आज उघडली की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात.

उलट उदाहरणही आहे. जॉर्ज लुकास यांच्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने स्वतःच्या कामासाठी ओपन-ईएक्सआर हा प्रकार तयार केला आणि २००३ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. साध्या आठ बिटांच्या चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. ईएक्सआरमध्ये त्याहून कितीतरी जास्त मावतं, शिवाय पारदर्शकता आणि खोलीसुद्धा वेगळ्या थरांत ठेवता येते. स्पर्धक स्टुडिओही आज तोच वापरतात. किल्ली वाटून टाकल्याने कुणाचं घर बुडालं नाही.

मग सगळं ईएक्सआरमध्येच ठेवा, असं मी म्हणणार नाही. हिशोब करून पाहिला. फुल एचडीचं एक चित्र न दाबता ठेवलं तर सुमारे १२ एमबी. सेकंदाला २५ चित्रं धरली तर मिनिटाला १,५०० चित्रं, म्हणजे १८ जीबीच्या पुढे. अडीच तासांचं नाटक आमच्या मंडळाच्या खिशाला परवडणार नाही. करामतीच्या दोन-चार मिनिटांना ते ठीक. बाकीच्यासाठी एफएफव्ही१ सारखा खुला, काहीही न गमावणारा कोडेक आहे, किंवा निदान प्रोरेससारखी दणकट प्रत घ्यावी. एमपी४ पाहायला आणि वाटायला छान, पण त्या डब्यातला कोडेक सहसा आकार लहान करायला तपशील टाकून देतो आणि पारदर्शकताही ठेवत नाही.

आणि खरं दुखणं इथेच आहे. काळा पडदा भाच्याने दोन दिवसांत उजळला. जगभरच्या हौशी लोकांनी जुने कोडेक उलगडणारी एफएफएमपेगसारखी फुकट साधनं बनवून ठेवली आहेत, त्यांची कृपा. पण आतलं चित्र निघालं अवघं ३२० बाय २४०. स्टुडिओवाल्याने इंटरनेटच्या मापाची प्रत काढली होती आणि मूळ टेपवर पुढच्या वर्षीचं नाटक चित्रित केलं होतं. बाबांचे डोळे जिथे असायला हवेत तिथे चार चौकोन आहेत. बंद कुलूप आज ना उद्या उघडतं, टाकून दिलेलं परत येत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. काम देतानाच स्टुडिओवाल्याला विचारा. मूळ चित्रण कुठे राहणार? पक्की प्रत कुठल्या कोडेकमध्ये देणार? प्रोजेक्टची फाईल म्हणजे चित्रपट नव्हे, हे लक्षात ठेवा. तिच्यात मूळ चित्रण नसतं, ते कुठे ठेवलंय याची नोंद असते. आमच्या कचेरीत कुठला कागद कायम जपायचा आणि कुठला ठराविक वर्षांनी नष्ट करायचा हे ठरलेलं असतं. नाटक मंडळांनीही एवढा कारकुनीपणा करायला काय हरकत आहे?

यंदाच्या जत्रेला मंडळाच्या हिशोबात मी हार्ड डिस्कचा खर्च लिहायला लावलाय. कुणी कुरकुरलं, तर त्याला ते चार चौकोन दाखवणार आहे.