दंडाची घासाघीस

राष्ट्रीय लोकअदालतीची तारीख जाहीर झाली की शहराशहरांतून एक चमत्कारिक उत्साह संचारतो. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे वचन एरवी मुलाबाळांना ऐकवणारे सुशिक्षित गृहस्थ अचानक आपल्या गाडीवरची थकीत ई-चलने मोजू लागतात. सिग्नल तोडल्याचे एक, हेल्मेट नसल्याची तीन, भलत्या जागी गाडी उभी केल्याचे एक. 'आता भरू नका, लोकअदालतीत अर्ध्यावर येईल', हा सल्ला सोसायटीच्या फाटकापासून कार्यालयातील डब्याच्या सुट्टीपर्यंत फिरतो आणि व्यवहारचातुर्य म्हणून मिरवला जातो. वस्तुतः भाजीबाजारातील घासाघीस न्यायमंदिराच्या दारी नेण्याचाच हा प्रकार आहे.

लोकअदालत ही मुळात उदात्त कल्पना. दारिद्र्यामुळे कोणी न्यायाला वंचित राहू नये, हे राज्यघटनेच्या ३९-अ अनुच्छेदाचे सांगणे. त्यातूनच १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम आला. परंतु या अधिनियमानुसार लोकअदालतीत तडजोड होते. कोण दोषी आणि कोण निर्दोष, याचा निवाडा तेथे होत नाही. तडजोड न झाल्यास प्रकरण कलम २० नुसार मूळ न्यायालयाकडे परत जाते. झाल्यास कलम २१ नुसार तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ येते आणि तिच्यावर अपील चालत नाही. म्हणजे जो खरोखर निर्दोष आहे, त्याने 'कटकट मिटली' म्हणून तेथे अर्धा दंड भरला तर त्याने आपल्या निर्दोषत्वावर स्वहस्ते पाणी सोडले. आणि जो दोषी आहे, त्याने केवळ वाट पाहण्याचे बक्षीस पदरात पाडून घेतले. दोघांपैकी न्याय कोणाला मिळाला?

सवलतीची ही चटक लागली कशी, हे शेजारच्या राज्यांकडे पाहिले तरी उमगते. तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये दुचाकींच्या थकीत दंडावर ७५ टक्के सूट दिली. दोन वर्षे पुरती लोटण्याआधीच, डिसेंबर २०२३ मध्ये, तेथे पुन्हा सूट द्यावी लागली आणि ती ८० टक्क्यांवर गेली. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० टक्के सूट जाहीर केली. तिजोरीत चार पैसे आले असतील. पण ज्याने चलन येताच निमूटपणे पूर्ण रक्कम भरली, त्याला शासनाने कोणता संदेश दिला? तू मूर्ख ठरलास, हाच ना? प्रामाणिक माणसाला मूर्ख ठरवणारी व्यवस्था बेशिस्तीला खतपाणीच घालते.

अर्थात सारा दोष नागरिकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्यांसाठी २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. यंत्र प्रमाणित असावे, रस्त्यावर सूचनाफलक असावेत आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत धाडावी, असे त्याने बजावले. हे बंधन शासनावर होते. दोन वर्षांपूर्वीच्या अंधुक छायाचित्रावर दंड मागायचा, गाडी त्या दिवशी त्या गावात नव्हतीच असे सांगणाऱ्याला दाद द्यायची नाही, आणि मग गठ्ठ्याने प्रकरणे लोकअदालतीत लोटायची, असे जेथे घडते तेथे न्यायपीठाचा वसुलीचा फड होतो. नागरिकाकडून शिस्त मागणाऱ्या शासनाने आधी स्वतःची शिस्त दाखवली पाहिजे.

मग मार्ग कोणता? कायद्याने दोन सरळ मार्ग ठेवले आहेत. चूक झाली असेल तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० नुसार तडजोडपात्र गुन्ह्याची ठरलेली रक्कम भरून मोकळे व्हावे. प्रकरण न्यायालयात गेले तरी किरकोळ गुन्ह्यांत कलम २०८ नुसार समन्सातच गुन्हा कबूल करून रक्कम पाठवण्याची सोय देता येते. चूक नसेल तर मात्र लढावे. नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे २०२० मध्ये वाहतूक चलनांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले. अशा न्यायालयात गुन्हा नाकारला की प्रकरण त्या त्या हद्दीतील नियमित न्यायालयाकडे जाते. तेथे छायाचित्र मागता येते, यंत्राचे प्रमाणपत्र मागता येते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र मागते, याकडे न्यायाधीशांचे लक्ष वेधता येते. पाचशे रुपयांसाठी कामाचा दिवस घालवणे तोट्याचे वाटेल. पण असा एक निकाल पुढच्या शंभर चुकीच्या चलनांना आळा घालू शकतो. हीही समाजसेवाच आहे.

'आधी रस्त्यांतले खड्डे बुजवा, मग दंड मागा', हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. खड्ड्यांचा जाब महापालिकेला अवश्य विचारावा. पण सिग्नल तोडून तो विचारता येत नाही. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. तो लाल दिवा या माणसांसाठी आहे, तिजोरीसाठी नव्हे.

पुण्याच्या रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो, कारण त्यांनी सत्तेपुढेही न्यायाची घासाघीस केली नाही. त्यांचा वारसा सांगणाऱ्या घरांतून मुले काय पाहतात? वंदे मातरम् सुरू होताच ताठ उभे राहणारे वडील चौकात दहा सेकंद उभे राहू शकत नाहीत. आणि पुढे दंडाची पावती आली की 'थांब, कमी होईल' म्हणतात. राष्ट्रभक्तीची परीक्षा सीमेवर मोजक्यांची होते. चौकात ती रोज आणि प्रत्येकाची होते. चुकलो तर पूर्ण दंड भरू, चुकलो नाही तर एक रुपयाही देणार नाही, न्यायालयात उभे राहू, इतके ज्या घरात ठरेल त्या घराला पुढच्या लोकअदालतीच्या तारखेची वाट पाहावी लागणार नाही.